पक्की वही आणि तीन नंबरची विहीर

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी पौडच्या बाजारात अजूनही कुणी ना कुणी मला थांबवून गुडघेदुखीवर गोळी विचारतं. दोष त्यांचा नाही. "ह्या बाई पोरांना डाक्टर करायचा क्लास घेतात," असं कुणीतरी एकदा बोललं आणि ते कोळवणच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. गोळी देण्याचा अधिकार मला नाही, आणि जी मुलं मी घडवली (किंवा घडवली असं मला वाटतं) त्यांनाही नाही.

आमचं कॉलेज मुळशी तालुक्यातलं. मुलं आसपासच्या गावांतली, बहुतेकांच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी पहिलीच. त्यांतली काही विलक्षण हुशार असत आणि बीएस्सी झाल्यावर हिंजवडीत कुठेतरी बिल्ला गळ्यात अडकवून रात्रपाळीला लागत. मला ते बघवेना. म्हणून मी दर शनिवारी एक वर्ग सुरू केला. माणसाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या संस्थांमध्ये बीएस्सीनंतर थेट पीएचडीला घेतात, हे आमच्या मुलांच्या कानावर कधी आलेलंच नसतं. लेखी परीक्षा असते, मग मुलाखत. मुलाखतीला पुण्या-मुंबईची मुलं कशी जातात ते मी पाहिलं होतं. कुणाचा काका शास्त्रज्ञ, कुणाची आई प्राध्यापक. आमच्या मुलांना काका म्हणून मीच होते.

घरच्यांना पटवणं हा कामाचा अर्धा भाग. कासार आंबोलीच्या एका मुलासाठी मी त्याच्या आजोबांना भेटायला गेले होते. जमीनजुमला बक्कळ, ओसरीवर बसून आजोबा तंबाखू मळत होते.

"किती वर्सं म्हनला?"

"पाच-सहा, आजोबा."

"आन् मग दवाखाना टाकनार?"

"नाही. हा वेगळा डॉक्टर. हा औषध देत नाही, औषध का लागू पडतं ते शोधतो."

आजोबांनी तंबाखू दाढेखाली ठेवली, थोडा वेळ चघळली. "म्हंजी जो औषध देत न्हाई असला डाक्टर करायला आमी पोरगं सा वर्सं तुमच्या हवाली करायचं?"

पोरगा मात्र गेला, आणि आज परदेशात यकृतावर काम करतो. आजोबा भेटले की अजून विचारतात, "आमचा डाक्टर गोळी कवा देनार?"

शनिवारच्या वर्गात मी काय शिकवायचे? इंग्रजीतला शोधनिबंध कसा वाचायचा, मोठ्या माणसाचं म्हणणं न पटल्यास तसं कसं सांगायचं, दर वाक्याला 'सर, सर' कसं करायचं नाही. सगळ्यात अवघड धडा होता 'मला माहीत नाही' म्हणायचा. एकदा लुटुपुटीच्या मुलाखतीत मी भुकूमच्या एका मुलाला एका एन्झाइमचं काम विचारलं. ते नाव मी तिथल्या तिथे बनवलेलं होतं. पठ्ठ्या न अडखळता दोन मिनिटं बोलला. ते शरीरात कुठे असतं, काय करतं, कमी पडलं तर कोणता आजार होतो, सगळं सांगितलं. मी हसावं की रडावं ते मला कळेना. पण त्याचं तरी काय चुकलं? पहिलीपासून त्याने एवढंच पाहिलं होतं की प्रश्न आला की उत्तर गाईडात असतंच, आणि जागा कोरी सोडली तर मार जास्त बसतो.

तेव्हा मी हसले. या शिक्षणाने मुलांचं काय होतं ते आपल्याला पुरतं कळलंय, असा माझा समज होता. पुढे जे झालं त्याने माझी झोपच उडवली, म्हणून हे लिहितेय.

यास्मिन (नाव बदललं आहे) रशीदभाईंची मुलगी. रशीदभाईंचं पौडच्या बाजारात किराणा दुकान. आजोबांपासूनचं दुकान, माप चोख, उधारीवर चर्चा नाही. मी भुकूमला राहते, पण कॉलेजातून परतताना सामान तिथूनच घ्यायचे. एके दिवशी वजनकाट्यामागे बसलेल्या मुलीने मला हिंगाची डबी देताना विचारलं होतं, "मॅडम, पिंपातलं पाणी शिळं व्हतं म्हणजे नेमकं काय व्हतं?" तेव्हा ती बारावीत होती. पुढे ती आमच्याकडेच आली आणि पहिल्या शनिवारपासून वर्गाला बसली. अशी मुलगी तीस वर्षांत एखादीच येते. मोजायला बसली की आजूबाजूला बॉम्ब पडला तरी तिला कळत नसे.

शेवटच्या वर्षी तिने एक छोटा प्रकल्प घेतला. कोळवण खोऱ्यात लोक पाणी पितात अशा सात जागा निवडायच्या, विहिरी, झरे, नळ, आणि त्या पाण्यातल्या जिवाणूंवर नेहमीची अँटिबायोटिक औषधं चालतात का ते बघायचं. पद्धत सोपी आहे. काचेच्या बशीत घट्ट जेलीवर जिवाणू पसरायचे, त्यावर औषध मुरवलेली कागदाची बारकी चकती ठेवायची आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जिवाणू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ दिसतं. पट्टी लावून त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. चकती स्वतःच सहा मिलिमीटरची असते. तेव्हा आकडा सहा आला तर समजायचं की वर्तुळ नाहीच, जिवाणूंनी औषधाला भीक घातलेली नाही.

या कामासाठी मी तिला एक बांधीव वही दिली, पानांवर आकडे छापलेली. तिने ती इतकी सुरेख भरली की मी वर्गात सगळ्यांना दाखवली. एकही खाडाखोड नाही. सातही जागांची वर्तुळं सतरा ते एकवीसच्या दरम्यान, आलेख कसा हलक्या उतारासारखा सौम्य. एमएस्सीनंतर दोन वर्षं मी एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. तिथल्या वह्या मी पाहिल्या होत्या. डाग, खोडलेल्या ओळी, चहाचे गोल. बिनखोडीची वही पाहून तिथे कुणीही भुवई उंचावली असती. मी मात्र टाळ्या वाजवल्या.

यास्मिन लेखी परीक्षा उत्तम मार्कांनी पास झाली. आम्हाला हव्या असलेल्या संस्थेने मुलाखतीला बोलावलं. मी शिफारसपत्र लिहिलं, सोबत तो आलेख जोडला. तिच्या वर्षातून फक्त तिलाच बोलावणं होतं. शुक्रवारी अकरा वाजता मुलाखत.

त्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी मी घरी फोडणीचा डबा भरत होते. शनिवारी वर्गावरून परतताना रशीदभाईंकडून मोहरी आणली होती, वहीच्या कागदाच्या पुडीत. पुडी सोडली, मोहरी डब्यात ओतली आणि कागद टाकायला म्हणून चुरगळणार तोच अक्षर ओळखीचं दिसलं. यास्मिनचं अक्षर. तारीख होती, औषधाचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं: विहीर ३. पुढे तीन आकडे. ६, ६, ७. बाजूला पेन्सिलीने: चुकलं?

बांधीव वही माझ्या टेबलावरच होती. मी विहीर तीनचं पान काढलं. १९, १८, २०.

स्वयंपाकघरात खुर्ची नाही, मी ओट्याला टेकून फरशीवर बसले. डोक्यात एकच शब्द घुमत होता: बनावट. संशोधनात याच्याइतका वाईट शब्द नाही. चोराला शिक्षा भोगून परत येता येतं, आकडे बनवणाऱ्याला येत नाही. आणि ही पोरगी! जिला मी डोक्यावर घेऊन नाचत होते!

तशीच स्कूटर काढली आणि पौडला गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रशीदभाई गूळ फोडत होते, यास्मिन आत मुलाखतीचा अभ्यास करत बसली होती. मी तिच्यासमोर तो कागद धरला.

"हे काय आहे?"

तिने कागद पाहिला. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. उलट जरा लाजली, केर काढायच्या आधी पाहुणा यावा तशी.

"कच्ची वही हाय मॅडम. अब्बूंनी पुड्यांना घेतली वाटतं. पक्की तुमच्याकडं दिलीया की."

"कच्ची?"

"प्रयोग करताना कच्च्या वहीत लिवायचं. घरी येऊन पक्क्या वहीत नीट उतरवायचं. तुमी दिलेली पक्की."

"आणि विहीर तीनचे आकडे?"

"ते चुकलं व्हतं माझं. वर्तुळच आलं न्हाई. चकत्या संपल्या व्हत्या, परत करता येईना. मग दोन नंबर आन् चार नंबरचं बघून मधलं लिवलं."

"मधलं लिहिलं!" मी ओरडलेच. "तुला कोणी सांगितलं असं करायला?"

ती उठून मागच्या घरात गेली आणि एक जुनं जर्नल घेऊन आली. बाहेरच्या लोकांना सांगते: जर्नल म्हणजे विज्ञानाच्या मुलांची प्रात्यक्षिकांची वही. वर्षअखेरीस त्यावर सही लागते, सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. तिचं हे पहिल्या वर्षाचं जर्नल होतं. तिने पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. एक आकडा खोडून खाली दुसरा लिहिलेला, आणि शेजारी लाल शाईत शेरा: 'खाडाखोड! अपेक्षित उत्तर पाहा. पान पुन्हा लिहा.' खाली माझी सही. पुढच्या पानावर तोच प्रयोग सुवाच्य अक्षरात, एकेक आकडा जिथल्या तिथे. शेरा: 'उत्तम.' खाली माझी सही.

मी दोन्ही सह्या निरखून पाहिल्या. मला आठवलंही नाही. आठवणार कसं? एका वर्षाला दीडशे जर्नलं तपासायची, चहा पिता पिता, स्टाफरूममधल्या गप्पा ऐकत. शनिवारी मी मुलांना सांगत असे, "जे दिसलं ते लिहा." सोमवार ते शुक्रवार, जे दिसायला हवं होतं ते लिहिणाऱ्याला मी दहापैकी दहा देत होते. दोन्हीकडची बाई एकच, हे मुलांना दिसत होतं, मला दिसत नव्हतं. आणि पोरं तर शेरा मारणाऱ्या बाईचं ऐकतात. शेऱ्याला मार्क असतात, उपदेशाला नसतात.

मी बसल्या जागी हिशोब मांडू लागले. पत्र गेलं आहे, आलेख गेला आहे, मुलाखत चार दिवसांवर. सांगितलं तर संपलं. नाही सांगितलं तर त्यांच्यापैकी कोण येणार आहे कोळवणात विहीर बघायला? मी हे मोठ्याने बोलत होते की काय कोण जाणे. रशीदभाई गुळाचा खडा हातात घेऊन दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"म्याडम, मला त्यातलं कळत न्हाई," ते म्हणाले. "पर पोरीचा आकडा चुकीचा नसंल तर? त्या हिरीचं पानी कोन पितं?"

तीस वर्षं जिवाणू शिकवून मला हा प्रश्न पडला नव्हता. तिला पडला नव्हता. आम्हा दोघींना तिच्या सीटचं पडलं होतं. ६, ६, ७ हा आकडा खरा असेल तर त्याचा अर्थ असा की त्या विहिरीतल्या जिवाणूंवर ते औषध चालत नाही, आणि त्या वाडीतली माणसं रोज ते पाणी पितात. गूळ फोडणाऱ्या माणसाने विचारलं म्हणून आम्हाला हे कळलं.

मंगळवारी सकाळी यास्मिन आणि मी जीपने कोळवणच्या पुढे गेलो. वाडीचं नाव लिहीत नाही. भाताची खाचरं, त्यांच्यात शहरातल्या लोकांची कुंपणं घातलेली फार्महाउसं, आणि कडेला वाडीची विहीर. एक म्हातारी हंडा भरत होती. यास्मिनला तिने ओळखलं.

"आता परत कशाला न्हेतीस गं पानी? मागं न्हेलं व्हतंस की. त्यात काय निघालं ते सांगाया कुनी आलंच न्हाई."

यास्मिनने निर्जंतुक बाटली दोरीने विहिरीत सोडली. म्हातारी बोलतच होती. नातवाला पंधरा दिवस हगवण, दवाखान्यात दोनदा गोळ्या बदलून दिल्या, पोरगं नुसतं वाळून गेलंय. त्या आजाराचा आणि विहिरीचा संबंध होताच असं मी म्हणणार नाही, शास्त्र तसं चालत नाही. पण परतताना जीपमध्ये यास्मिनने ती बाटली शेवटपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

चकत्यांचं नवं पाकीट मधल्या काळात आलं होतं. बुधवारी जिवाणू वाढले, त्यांच्यावर चकत्या ठेवल्या. गुरुवारी सकाळी मी आठलाच प्रयोगशाळा उघडली, तर यास्मिन पायरीवर बसलेली. तीन बशा काढल्या. पट्टी लावायचीही गरज नव्हती. पांढुरक्या साईसारखा जिवाणूंचा थर चकतीच्या कडेपर्यंत चिकटून वाढला होता. तरी तिने पट्टी लावली. सहा. सहा. सहा.

या वेळी तिने थेट बांधीव वहीत लिहिलं. घाईत तारीख चुकली, तर त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर तारीख घातली. मग जुन्या पानावर गेली, १९, १८, २० वर एकेक सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'हे आकडे मी मोजलेले नाहीत.'

आणि तरीही, जाताना मी तिला काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, "उद्या त्यांनी वहीबद्दल विचारलं तरच सांग. आपण होऊन विषय काढू नकोस." तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिला फक्त आश्चर्य वाटलं होतं.

शुक्रवारी रशीदभाई तिला घेऊन एसटीने पुण्याला गेले. संध्याकाळी तिचा फोन आला.

"सांगितलं मॅडम. आत गेल्या गेल्या पयलं तेच सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"लिहून घेतलं. मग खूप वेळ दुसरंच विचारत व्हते. चांगलं झालं तसं."

आठ दिवसांनी यादी लागली. तिचं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. नियमच तसा आहे, असं मी स्वतःला समजावलं. गुरुवारी दुपारीच प्राथमिक आरोग्य केंद्रात मी स्वतः गेले होते, तिथल्या डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी पाणी तपासायला नेलं, विहिरीत औषध टाकलं, घरोघर पाणी उकळून प्यायला सांगितलं. सरकारी माणसाचं वाडीने आठ दिवस ऐकलं आणि सोडून दिलं. मग रशीदभाई गेले. दर रविवारी दुकान बंद करून महिनाभर जात होते. "ह्या हिरीचं पानी कच्चं पिऊ नगा, माझ्या पोरीनं मोजलंय," एवढंच सांगायचे. त्यांचं ऐकलं. मापात कधी खोट न काढलेल्या माणसाचं ऐकतात लोक.

यास्मिन वर्षभर आमच्याच प्रयोगशाळेत बसली. सातही जागा पहिल्यापासून केल्या. लेखी परीक्षा पुन्हा दिली, त्याच संस्थेत, त्याच समितीसमोर मुलाखत दिली, आणि या वेळी तिला घेतलं. आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवरच काम करते. गोष्ट इथे संपली असती तर मी ती अभिमानाने सांगत फिरले असते. फिरतही होते.

गेल्या उन्हाळ्यात पुण्यात शिक्षकांची एक कार्यशाळा होती. तिथे त्या समितीतल्या एक बाई भेटल्या. मी यास्मिनची शिक्षिका म्हटल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. चहाचे कप घेऊन आम्ही कोपऱ्यात उभ्या राहिलो.

"पहिल्या वर्षीच घेणार होतो हो तिला," त्या म्हणाल्या. "आपण होऊन एवढं सांगणारी मुलगी कुठे मिळते? एकाच प्रश्नावर अडलं. मी विचारलं, वही अशी पक्की करायला तुला शिकवलं कुणी? मला वाटलं, म्हणेल, कॉलेजात असंच करून घेतात. मग प्रश्नच नव्हता. चुकीचं शिकवलेलं मूल सहा महिन्यांत सुधारतं, आम्ही कितीतरी सुधारली आहेत. पण ती म्हणाली, कुणी नाही, माझंच डोकं. आमच्या मॅडम तर पहिल्या दिवसापासून सांगतात, जे दिसलं ते लिहा. फार कौतुक केलं तिने तुमचं. पण मग आम्ही काय करणार? आपण होऊन आकडे बदलणारी मुलगी म्हटल्यावर एक वर्ष थांबून बघू या, असं ठरलं."

मी कप खाली ठेवला. यास्मिन समितीसमोर हे बोलत असताना ते जर्नल घरी कपाटात होतं, लाल शेऱ्यासकट, माझ्या दोन सह्यांसकट. ते नुसतं सोबत नेलं असतं तर तिचं एक वर्ष वाचलं असतं. तिने ते घरी ठेवलं. माझ्यासमोर ठेवायला तिला संकोच वाटला नव्हता, दुसऱ्यांसमोर ठेवायला वाटला.

"गुणी आहे मुलगी," मी त्या बाईंना म्हणाले. एवढंच म्हणाले. खरं सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं, शेजारी कुणी ऐकायलाही नव्हतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मग जेवायची घंटा झाली आणि आम्ही रांगेत जाऊन उभ्या राहिलो.

म्हणून इथे लिहिते. पहिल्या मुलाखतीच्या दिवशी त्या खोलीत यास्मिनने सगळं खरं सांगितलं, एक उत्तर सोडून. ते उत्तर खोटं होतं आणि तिने ते माझ्यासाठी दिलं होतं. पक्की वही करायला तिला मी शिकवलं. या अंकाची एक प्रत त्या समितीला पाठवा, असं मी संपादकांना सांगितलं आहे. यास्मिनला विचारलेलं नाही. ती नको म्हणाली असती, आणि मी लगेच तिचं ऐकलं असतं.